मिथेनच्या पावसाचा प्रदेश

शनीचा सर्वांत मोठा उपग्रह टायटन हा डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांना १६५५ साली दुर्बिणीतून दिसला. पण त्याला स्वतःचे वातावरण आहे हे निश्चित होण्यास १९४४ साल उजाडावे लागले, जेव्हा जेरार्ड कायपर यांनी त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण करून तेथील मिथेन वायू ओळखला. सुमारे ५,१५० किलोमीटर व्यासाचा हा गोल बुध ग्रहाहून मोठा असून त्याची मुख्यतः नायट्रोजनची हवा इतकी दाट आहे की पृष्ठभागावरील तिचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या दीडपट भरतो.

तेथील तापमान उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे पाणी खडकासारखे घट्ट असते, आणि पृथ्वीवर पाणी जे काम करते ते तेथे मिथेन करतो. गोबर गॅसमध्ये जळणारा हाच वायू टायटनवर ढगांतून बरसतो, बर्फाच्या खडकांत दऱ्या कोरतो आणि ध्रुवीय प्रदेशातील समुद्रांना जाऊन मिळतो. त्यांपैकी ‘क्राकेन मारे’ हा कॅस्पियन समुद्राच्या तोडीचा आहे. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एकसप्तमांश आणि हवा दाट, त्यामुळे पावसाचे थेंब हिमकणांसारखे संथपणे उतरत असावेत. १४ जानेवारी २००५ रोजी ‘हायगेन्स’ हे छोटे यान तेथे उतरले, तेव्हा त्याने टिपलेल्या छायाचित्रात प्रवाहात घासून गोल झालेले बर्फाचे गोटे दिसले. इतक्या परक्या द्रव्यांतून इतके ओळखीचे भूरूप घडावे, ही सूर्यमालेतील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक मानावी लागेल.

अशा ठिकाणी जीवन संभवते काय? सजीव पेशीभोवतीचे पातळ आवरण, म्हणजे पेशीपटल, पृथ्वीवर स्निग्ध रेणूंचे बनलेले असते आणि ते पाण्यातच टिकते. द्रव मिथेनमध्ये त्याचा उपयोग नाही. म्हणून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे ॲक्रिलोनायट्राइल या नायट्रोजनयुक्त रेणूपासून मिथेनमध्ये टिकेल असे पटल सुचवले, आणि दोनच वर्षांनी चिलीमधील ‘अल्मा’ या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने तो रेणू टायटनच्या हवेत असल्याची खात्री करून दिली. मात्र २०२० मधील गणितांनी असे दाखवले की तेथील थंडीत हे रेणू पटल रचण्याऐवजी सरळ गोठून स्फटिक होणेच पसंत करतील. कल्पना मोहक असली तरी हा आक्षेप गंभीर आहे, आणि जेथे रासायनिक क्रिया अतिशय मंद चालतात तेथे जीवनाचा दावा करण्यापूर्वी फार कठोर पुरावा मागणेच योग्य.

अधिक आशा पाण्याकडूनच आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी मिथेन व नायट्रोजनचे रेणू तुटून हवेत कार्बनी संयुगांचे नारिंगी धुके तयार होते व ते हळूहळू जमिनीवर साचते. जेथे उल्कापाताच्या उष्णतेने बर्फ वितळला तेथे ही संयुगे काही काळ द्रव पाण्यात मिसळली असतील. ‘सेल्क’ हे असेच एक आघातविवर आहे. आठ पंख्यांवर उडणारे, अणुऊर्जेवर चालणारे ‘ड्रॅगनफ्लाय’ हे नासाचे यान नियोजनानुसार २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये टायटनवर पोहोचेल, आणि त्याच विवराच्या परिसरातील नमुने तपासेल.