जुन्या किल्लीनं उघडलेलं दार

सकाळी ६.
चहा उकळेपर्यंत पिशवी भरली. फिर्यादीची प्रत, शिरूरच्या कोर्टाचा आदेश, सुपूर्तनामा, विम्याचे कागद आणि आमच्याकडे उरलेली एक किल्ली. दुसरी चोरानं घरातूनच उचलून गाडी पळवली होती. अकरा दिवसांनी गाडी सापडली, ती किल्ली मात्र सापडली नाही. कंपनीत या महिन्यातला हा तिसरा खाडा. "आज गाडी घेऊनच ये रे," आई दारातून म्हणाली.

७.३०.
धाकट्यानं मोटरसायकलवरून शिक्रापूरच्या चाकण चौकात सोडलं. चाकणकडून कंटेनर, रांजणगावकडे निघालेल्या कंपन्यांच्या बस, सगळे एकमेकांत अडकलेले. एसटीत कशीबशी जागा मिळाली. सणसवाडी, कोरेगाव भीमा, लोणीकंद मागे पडलं आणि वाघोलीत गाडी मुंगीच्या पावलानं चालू लागली.

पोलीस ठाण्यांच्या आवारात जप्त गाड्या कशा सडतात ते आपण सगळेच बघतो. चाकं बसलेली, बॉनेटखालून गवत वर आलेलं. अशा गाड्या फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन मालकाला लवकर परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं आहे. आमच्या वकिलांनी त्याच आधारावर अर्ज केला, म्हणून आमची गाडी सुटली आणि दुरुस्तीला गेली. कोर्ट म्हणजे खेटे, या भीतीनं कित्येक जण अर्जच करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

१०.१५.
वर्कशॉप. गाडी धुऊन उभी होती. नवी काच, नवा बंपर, स्टेअरिंगखाली तोडलेल्या वायरी जोडलेल्या. काचेचे पूर्ण पैसे विम्यातून, प्लास्टिकच्या भागांवर मात्र पन्नास टक्के घसारा, तो माझ्या खिशातून. बिलात स्वच्छ लिहिलं होतं: लॉकसेट बदलला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं दोन नव्या किल्ल्या हातात दिल्या.

मी पिशवीतली जुनी किल्ली काढून ड्रायव्हरच्या दाराला लावली. ती फिरली. दार उघडलं.

पोटात गोळाच आला. डिकी उघडून पाहिली, तीही उघडली. बदललं होतं ते फक्त इग्निशनचं कुलूप.

१२.
किल्लीच्या पात्यानं कुलूप उघडतं, पण इंजिन सुरू व्हायला तिच्यातली चिप गाडीनं ओळखावी लागते. किल्ली हरवली की तिची ओळख गाडीतून पुसायची असते. मी हट्टानं स्कॅनर लावायला सांगितला. पडद्यावर नोंदलेल्या किल्ल्या दिसल्या: चार. दोन नव्या, एक माझ्या हातातली आणि एक चोराकडची.

२.
मॅनेजर जेवून आले. "सर, चोर त्याच गाडीकडे परत कशाला येईल?"

"अहो, तो रस्त्यावरून नाही, आमच्या घरातून किल्ली घेऊन गेला. घर कुठं आहे, आम्ही कधी झोपतो, त्याला माहीत आहे. आई घरात एकटी असते."

ते गप्प झाले. समाधानपत्र पुढे सरकवलं होतं, त्यावर सही केली नाही. या सहीनंतर विमा कंपनी बिल चुकतं करते आणि मग आपलं म्हणणं कोण ऐकणार? बिलातली ओळ आणि दाराचं कुलूप यांचे फोटो काढले, तिथंच बसून विमा कंपनीला मेल पाठवला. इथं भागलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची, हेही शांतपणे सांगितलं.

५.३०.
जुन्या दोन्ही किल्ल्यांची नोंद पुसली. स्कॅनर पुन्हा लावायला लावला: दोन. दारांची आणि डिकीची कुलपं गुरुवारी येतील, असं जॉब कार्डावर तारखेसह लिहून घेतलं. गाडी तिथंच ठेवली.

रात्री ८.४५.
चाकण चौकात उतरून घरी आलो. आई ओट्यावरच बसली होती. "गाडी?" तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून कडी लावली.

जुनी किल्ली टाकलेली नाही. गुरुवारी नवं कुलूप बसलं की आधी तीच लावून बघायची आहे.