जुनी गाडी घेतली, आता इंजिन खोलायचं का?

मागच्या रांगेत दोघं-तिघं हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेत, म्हणजे विषय योग्य ठिकाणी पोचलाय. जुनी मोटारसायकल घेतली, चार दिवस बरी चालली आणि पाचव्या दिवशी धूर मारायला लागली किंवा आतून आवाज यायला लागला, तर आधी काय बघायचं, एवढंच आज बोलू. उदाहरणाला स्प्लेंडर घेऊ. 1994 साली ती बाजारात आली आणि आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी जुन्या गाड्यांत ती असतेच. इंजिन 97.2 सीसीचं, फोर स्ट्रोक, वाऱ्यावर गार होणारं, आणि सिलिंडर जवळजवळ आडवा.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक दूधवाला आला. उसनवारी करून जुनी स्प्लेंडर घेतलेली, दोन्ही बाजूंना कॅन. गाडी निळा धूर ओकत होती. एका मिस्त्रीने त्याला सांगितलं होतं, "बोअर-पिस्टनचं काम आहे, इंजिन खोलावं लागेल." आधीचं उसनं फिटलेलं नाही आणि त्यात हे. आम्ही गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली आणि ऑइलची काडी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर!

झालं होतं असं. हा गडी रोज साइड स्टँडवर ऑइल बघायचा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, आणि या गाडीची काडी उजव्या बाजूला. ऑइल डावीकडे गेलं, काडी कोरडी दिसली, याने ओतलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. या इंजिनाला लिटरभरसुद्धा ऑइल लागत नाही, त्यामुळे थोडं जास्तीही लगेच बाधतं. क्रँक ते घुसळतो, ते सिलिंडरच्या भिंतीवर जास्त उडतं, ब्रीदरच्या नळीतून बाहेर ढकललं जातं, आणि जळून निळा धूर होतो. आम्ही जास्तीचं ऑइल काढलं, एअर फिल्टर बघितला, तोही ऑइलने भिजलेला, तो बदलला. धूर पुष्कळसा गेला. सगळा गेला नाही, त्याकडे पुढे येऊ.

काडी बघायची रीत अशी: गाडी मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, तेवढाच वेळ थांबायचं, काडी पुसून आत ठेवायची, पण आटे फिरवून आवळायची नाही. आवळली की माप चुकतं.

आता धूर. तो कधी येतो हे बघा, नुसता येतो की नाही हे नाही. सकाळी गार गाडीला पहिली किक मारली की निळा धूर भपकन येतो आणि मिनिटाभरात विरतो, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून परत पिळल्यावर येतो, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. सील म्हणजे रबराची छोटी टोपी, हेडचं काम, पिस्टनला हात लावायचा नाही. चढावर, ओझ्याखाली, रेस दिल्यावर सतत निळा धूर येतो आणि ऑइल कमी होत जातं, तेव्हा रिंगा किंवा बोअर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय: चोक ओढलेला राहिला, फिल्टर तुंबला, कार्बोरेटर बिघडला. पावसाळ्यात सकाळी पांढुरकं दिसतं ती बहुतेक वेळा सायलेन्सरमधली वाफ, तिच्यावर पैसे घालवू नका.

रिंगा की व्हॉल्व्ह, याचा निकाल कॉम्प्रेशन गेजवर लागतो. प्लग काढा, गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा, किका मारा, आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगांतून दाब गळत होता. तितकाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. सिलिंडर आडवा असल्यामुळे ऑइल एका बाजूला साचतं, म्हणून टाकल्यावर आधी चार-पाच किका मारून ते पसरू द्या. दूधवाल्याच्या गाडीत आकडा जेमतेम हलला आणि उरलेला धूर फक्त सकाळचा होता. सील निघाले. बोअर शाबूत.

आवाजाचं थोडं नाजूक आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावली की आवाज नेमका कुठून येतो ते कळतं. हेडमधून बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेट. पण "आवाज बंद करून द्या" असा आग्रह धरू नका. त्या आग्रहापायी टॅपेट जास्त आवळले गेले तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. आवाज नाही, पण गाडीत जीवही नाही! टॅपेटसारखीच टिकटिक सायलेन्सरच्या तोंडाशी गॅस्केट गळत असली तरी येते. आणि मागची ढिली चेन कव्हरला घासली की तो आवाज कित्येकजण इंजिनाच्या नावावर खपवतात. खालून, क्रँकच्या बाजूने, जड ठकठक येत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल, तर मात्र गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घाला. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं, आणि तिथे इंजिन खोलण्याला पर्याय नाही.

यातलं काही गाडी गार असतानाच दिसतं. विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो ती उगीच नाही. म्हणून किक मारण्याआधी इंजिनाला हात लावून बघा. दाट ऑइल भरून आवाज आणि धूर काही दिवस दाबून ठेवायचीही युक्ती असते. गाडी घरी आली की पहिल्यांदा ऑइल काढून योग्य ग्रेडचं भरा, म्हणजे तिचा खरा आवाज ऐकू येईल. काढलेलं ऑइल फेकू नका, पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरा. धातूचा चुरा चमकला तर आम्हाला दाखवायला घेऊन या.

बाहेर अंगणात एक स्प्लेंडर सकाळपासून उभी आहे. तिला अजून कोणी हात लावलेला नाही. चला, तिची काडी बघू आणि मग पहिली किक मारू.