नाचणारा काटा

आमची गाडी १९८७ सालची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, ते आम्ही निष्ठेने करतो. शेजारीपाजारी हसतात. हसोत बापडे! आमचा संसारच या गाडीत वाढला.

तर या गाडीचे दोन काटे, एक पेट्रोलचा आणि एक इंजिनाच्या तापमानाचा, कित्येक महिने नाचत होते. इंडिकेटर लावला की त्याच्या टिकटिकीवर दोघेही उड्या मारत. मुलांना मौज वाटे. मी आपला सगळ्यांना सांगून मोकळा, "ते काटे खोटारडे आहेत. लक्ष देऊ नका."

मे महिन्यात साताऱ्याला निघालो. मागच्या सीटवर ऐंशी वर्षांची आई. खंबाटकीचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला. "अहो, काटा बघा!" सौ. म्हणाली. "त्याचं नेहमीचंच आहे," मी म्हणालो. पुढच्याच वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली. भर दुपारी आई दीड तास रस्त्याकडेच्या झाडाखाली बसून होती. पंख्याचा पट्टा सैल झाला होता, इंजिन तापले आणि हेडचे गॅसकेट गेले.

गाडी ओढत साताऱ्याला नेली. इंजिनाचे काम उरकल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या वायरमनला मी काट्यांविषयी विचारले. वाटले, हा आता नवे मीटर घ्यायला लावणार. तो म्हणाला, "साहेब, मीटर राहू द्या. आधी अर्थ बघू."

बॅटरीची वीज काट्यापर्यंत तारेतून येते, पण परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. आमच्या डॅशबोर्डमागे अर्थची वायर ज्या स्क्रूखाली कसलेली होती, तिथे गंज चढला होता. वाटेचा बोळ झालेला. इंडिकेटरचा दिवा लागला की त्याच बोळातून त्याचीही वीज जाऊ पाही आणि काट्यांची वाट अडे. म्हाताऱ्याने पॉलिश पेपरने जागा घासली, स्क्रू कसला. काटे गप्प झाले!

मग चहा पिता पिता त्याने सगळी कुंडली मांडली. एकच काटा बिघडला असेल तर दोष बहुधा त्याच्या एकट्याच्या वायरीत किंवा युनिटमध्ये असतो. पेट्रोलच्या टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. तो खालीवर होताना युनिटातल्या बारीक तारेवरून एक पत्ती सरकते. ती तार झिजली की ठरावीक पातळीला काटा उडी मारतो. दोन्ही काटे मिळून नाचत असतील तर मात्र दोघांची सामाईक जागा शोधावी: अर्थ, फ्यूज, नाहीतर स्टॅबिलायझर. बॅटरीचा दाब गाडी चालू असताना बारा व्होल्टवरून चौदापर्यंत चढतो. त्या काळच्या अनेक गाड्यांत काट्यांना स्थिर, सुमारे दहा व्होल्ट देण्यासाठी ही छोटी डबी असे. ती बिघडली की पेट्रोल आणि तापमान दोन्ही एकदमच जास्त दिसू लागतात.

घरी करून बघणाऱ्यांनी दोन पथ्ये पाळावीत. डॅशबोर्डमागे हात घालण्यापूर्वी बॅटरीचे मायनस टोक काढून ठेवावे. टाकीजवळचे काम जाणकारावरच सोपवावे, तिथे एक ठिणगीही महागात पडते. आणि तापमानाचा काटा लाल खुणेकडे गेला तर तो खोटा की खरा, हा वाद नंतर घालावा. आधी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. इंजिन पुरते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.

अर्थच्या कामाचे पैसे विचारले तर म्हाताऱ्याने हात हलवला. "पाच मिनिटांचं काम, साहेब. काट्याला दुखत होतं म्हणून तो नाचत होता. तुम्ही त्याला खोटारडा ठरवून बसलात."

हे ऐकून मान खाली गेली ती अजून पुरती वर आलेली नाही. परवा पुन्हा घाट चढत होतो. मागून आईने विचारले, "अरे, काटा कुठाय?" पूर्वी मी वैतागलो असतो. आता नीट बघितले आणि सांगितले, "मध्यावर आहे, आई."