घड, गाठ आणि कोयता

शाळेच्या व्याकरणात समूहदर्शक शब्दांचं एक पान असतं. केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, पोत्यांची थप्पी, पक्ष्यांचा थवा. इंग्रजीच्या तासाला तसलीच यादी पुन्हा येते: हर्ड, फ्लॉक, बंच, स्वॉर्म. मुलं दोन्ही घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. जळगाव-धुळ्याच्या मुलांना तरी हे घोकायची गरज नाही. त्यांच्या शिवारात हे शब्द रोज राबतात. ते कसे राबतात हे एकदा नीट पाहिलं, की यादी पाठ करावी लागत नाही.

केळीपासून सुरुवात करू. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. झाडाच्या शेंड्यातून केळफूल बाहेर पडतं तेव्हा ते जांभळट पाकळ्यांत गच्च मिटलेलं असतं. मग वरची एक पाकळी उचलली जाते आणि तिच्याखाली कोवळ्या केळ्यांच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. ती एक फणी. ती पाकळी गळते, पुढची उघडते, दुसरी फणी येते. अशा फण्या एकाच दांड्यावर ओळीने लागल्या की झाला घड. वरच्या फण्या भरदार, खालच्या लहान होत जातात. म्हणून जाणता बागायतदार शेवटच्या एक-दोन फण्या आणि उरलेलं केळफूल काढून टाकतो, म्हणजे वरचा माल चांगला पोसतो. बाग मोजायची ती खोडांवर, कापणी घडाची, आणि गिऱ्हाईक मागतं डझन. इंग्रजीतही पायऱ्या याच आहेत: बंच, हँड, फिंगर. दोन्हीकडच्या माणसांनी झाडाकडे नीट पाहून नावं ठेवली, एवढाच याचा अर्थ.

आता वाक्यात हे शब्द कसे चालतात ते पाहू. मोजता येणाऱ्या वस्तू अनेकवचनात येतात: मेंढ्यांचा कळप, पोत्यांची थप्पी. जे एकेक करून मोजत नाहीत ते एकवचनातच राहतं: कापसाची गाठ, कडब्याची पेंढी. क्रियापद मात्र समूहाच्या शब्दाचं ऐकतं. मेंढ्या शंभर असल्या तरी कळप रस्ता ओलांडतो, आणि केळी कितीही असली तरी घड पिकतो. माणसांच्या बाबतीत जरा सैलपणा चालतो. ‘मंडळी जमली आहे’ आणि ‘मंडळी जमली आहेत’ ही दोन्ही रूपं कानावर पडतात. इंग्रज लोकही ‘टीम’ या शब्दाला कधी एकवचनी क्रियापद लावतात, कधी अनेकवचनी.

पण कोणत्या वस्तूला कोणता शब्द, हे ठरतं कसं? बहुतेक वेळा हातांनी काय केलं त्यावरून. बांधलं की पेंढी, जुडी, मोळी, भारा. रचलं की थप्पी, चळत, गंजी, उतरंड. ओतलं की रास किंवा ढीग. मेथी बांधून विकतात म्हणून तिची जुडी, आणि खळ्यात ज्वारी ओतली जाते म्हणून तिची रास. कडब्याचं तर दोन्ही होतं. ताटं आवळून बांधली की पेंढी, आणि पेंढ्या एकावर एक रचल्या की गंजी.

कापसाचा प्रवास याच वाटेने जातो. शेतात वेचलेला कापूस गाठोड्यातून घरी येतो, घरात ढीग लागतो, ढीग जिनिंगला जातो. तिथे सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते. रुई दाबून, पट्ट्यांनी आवळून १७० किलोची गाठ बांधतात. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, म्हणून एका गाठीमागे पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. रुईचे भाव आजही खंडीवर निघतात, आणि रुईची खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. बाजारभाव वाचताना ही गल्लत नेहमी होते: शेतकरी क्विंटलचा कापूस विकतो आणि बातमी खंडीच्या रुईची असते.

जित्राबांकडे वळलं की शब्द चालीवरून पडतात. मराठीत मेंढ्या आणि गाई दोन्हींचा कळप, पाखरांचा मात्र थवा. इंग्रजीची वाटणी वेगळी: मेंढ्या आणि पाखरं दोन्हींना फ्लॉक, गुरांना हर्ड. कावळ्यांसाठी ‘मर्डर’सारखे चमत्कारिक शब्द इंग्रजी पुस्तकांत असतात. तसल्या याद्या १४८६ साली छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट अल्बन्स’पर्यंत मागे जातात. ते शिकारीच्या शौकिनांचे शब्द होते, मुलांनी त्यावर वेळ घालवू नये.

माणसांच्या समूहांचे शब्द सर्वांत जपून वापरावेत, कारण त्यांत बोलणाऱ्याची नजर असते. तीच माणसं बातमीत जमाव होतात, देवळापुढे मेळा होतात. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघाली की दिंडी होतात. तांडा हा मूळचा लमाणांच्या लदेणीच्या बैलांचा काफिला. रेल्वे आली, बैलांवरची मालवाहतूक संपली, आणि लोक जिथे स्थिरावले त्या वस्तीला तांडा हे नाव राहिलं. चाळीसगाव, जामनेरकडे असे तांडे आहेत.

आणि कोयता. खान्देशातून दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या पट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचं मोजमाप या शब्दाने होतं. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने या मजुरांवर १९७८ मध्ये सविस्तर लिहिलं. एक कोयता म्हणजे ऊस तोडणारा आणि मोळी बांधणारी, बहुतेक वेळा नवरा-बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. घड किंवा गाठ म्हटलं की आत काय आहे ते कळतं. इथे हत्यार दिसतं आणि ते धरणारी माणसं झाकली जातात. त्यातही बाईचं काम आधी झाकलं जातं, कारण नोंद आणि पैसा पुरुषाच्या नावावर जातो. समूहाच्या शब्दांतला हा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो.

तेव्हा ‘शंभर कोयते निघाले’ असं पुढच्या वेळी ऐकाल किंवा वाचाल, तेव्हा दोनशे माणसं धरा, आणि त्यांच्यासोबत गेलेली, शाळा सुटलेली लेकरं वेगळी मोजा.