आभाळाचा स्कोअर काय?

शहरात पाऊस म्हणजे ट्रॅफिक जॅम आणि कांदाभजी. लातूर-नांदेडला मात्र पाऊस म्हणजे आकडा, आणि घरचं वर्षाचं बजेट त्याच आकड्यावर!

जून लागला की ऑफिसमधली लातूर-नांदेडची मंडळी लगेच ओळखू येतात. बाकीचे ट्रेकचे प्लॅन करत असतात आणि ही मंडळी कोपऱ्यात उभी राहून फोनवर विचारत असतात, ‘‘आप्पा, ओल किती गेली?’’ पाऊस किती पडला यापेक्षा जमिनीत किती मुरला, हे महत्त्वाचं. कृषी विभाग दरवर्षी बजावतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. घाई केली आणि पावसाने दडी मारली, की दुबार पेरणी. बियाणं, मजुरी, सगळं डबल.

पण हा पाऊस मोजतात कुठे? तुमच्या शेतात नाही, गावातही नाही. महाराष्ट्रात हिशेब चालतो महसूल मंडळाचा. मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट. २०१७ पासून राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पात स्कायमेट कंपनीने मंडळामंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. २४ तासांत ६५ मिमी पाऊस झाला, की मंडळात ‘अतिवृष्टी’ धरतात. साठवर काटा थांबला तर? तुमच्या बांधावर ढग फुटलेला असला, तरी कागदावर फक्त ‘पाऊस’! आणि आपल्याकडचा पाऊस कसा, तर बैलाचं एक शिंग ओलं, एक कोरडं.

पाऊस न पडण्याचंही मोजमाप असतं. २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार पावसाची तूट, पावसातला खंड, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाला दिसणारा पिकाचा हिरवेपणा हे सगळं तपासतात. दिल्लीत त्यासाठी २०१२ पासून महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र आहे. सगळं एकदम हायटेक.

मग २०२३ आठवा. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. लातूरच्या दहा तालुक्यांपैकी यादीत होता एकटा रेणापूर, आणि नांदेडच्या सोळांपैकी एकही नाही. ओरड झाली. दहाच दिवसांत राज्यातल्या १०२१ मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करावी लागली. आभाळ तेच, शिवारही तेच. बदललं फक्त मोजायचं माप! सोपं करून सांगायचं तर कंपनीचा अ‍ॅव्हरेज पगार झकास आहे म्हणून तुमचा ईएमआय भागतो का?

इथलं हवामान अ‍ॅव्हरेजमध्ये मावणारं नाहीच. एप्रिल २०१६ मध्ये याच लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात ऑगस्ट २०२५ मध्ये लेंडी धरणाच्या परिसरात एका दिवसात २०० मिमीहून जास्त पाऊस कोसळला, गावं पाण्याखाली गेली.

उपग्रहाचीही एक गोची आहे. त्याला वरून पानं दिसतात, शेंगा नाही. जास्त पावसाने सोयाबीन नुसतं वाढत जातं. वरून शिवार हिरवंगार, खाली शेंगा मोजक्याच. काढणीच्या वेळी पाऊस लागून राहिला तर उभ्या पिकात शेंगांना कोंब फुटतात. म्हणून आजही शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून, कापून, मळून, वजन करून बघतात. हाच पीक कापणी प्रयोग. पैसेवारीचं गणितही उत्पादनाचंच आहे. नेहमीचं पीक रुपया धरलं, तर यंदा किती पैसे आलं? पन्नासच्या खाली म्हणजे हंगाम बुडाला. नजर, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत ती जाहीर होते.

२०२५ च्या खरिपापासून या प्रयोगाला जास्तच वजन आलं आहे. २०२३ मध्ये सुरू झालेला एक रुपयातला पीक विमा बंद झाला. सोयाबीनला आता दोन टक्के हप्ता भरावा लागतो आणि भरपाई ठरते ती मंडळातल्या सरासरी उत्पादनावर. वावर तुमचं, निकाल मंडळाचा!

शहरात बसून आपण काय करणार, असं म्हणू नका. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे ना? मग ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी हे तुमचंच काम आहे. शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि अ‍ॅपवर नोंद करायची. आप्पांना स्मार्टफोन जमत नसेल, तर एक वीकेंड गावी काढा. सातबाऱ्यावर पीकच नसेल, तर नुकसान कशाचं दाखवणार?

आणि पुढच्या वेळी घरी फोन कराल, तेव्हा ‘पाऊस आहे का’ एवढंच विचारू नका. आपलं गाव कोणत्या मंडळात येतं आणि तिथे किती मिलिमीटरची नोंद झाली, तेही विचारा. आकडा शिवाराशी जुळत नसेल तर लगेच बोला. एकदा पंचनाम्याची यादी लागली, की ओरडून उपयोग नसतो.