देवाशी समेट: पंडिता रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलेलं

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात एमआयडीसीच्या कामाधंद्यासाठी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसं आली आणि इथलीच झाली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबंही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणाऱ्या अशा घरांतही एक प्रश्न असतो आणि तो सहसा मोठ्याने विचारला जात नाही. बाप्तिस्मा झाला, प्रार्थना चुकत नाही, दशमांश देतो, तरी देव आपल्यावर नाराज आहे असं का वाटत राहतं? या प्रश्नाला मराठी मुलखात सर्वांत सच्चेपणाने कोणी तोंड दिलं असेल, तर ते पंडिता रमाबाईंनी, असं मला वाटतं.

दुरावा कशाचा?

ख्रिस्ती शिकवणीनुसार देव आणि माणूस यांच्यात दुरावा आहे आणि तो माणसाने ओढवून घेतला आहे. चोरी, खोटेपणा, व्यभिचार ही पापं खरीच. पण त्यांच्या मुळाशी देवाला बाजूला सारून आपल्याच मर्जीने जगणं आहे. दानधर्म, उपवास, चांगली वागणूक यांनी हा दुरावा मिटत नाही. म्हणून पुढाकार देवाने घेतला, असं नवा करार सांगतो. येशूने वधस्तंभावर माणसाच्या पापाचा भार स्वतः वाहिला, तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला देव नीतिमान ठरवतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल देवाबरोबरच्या शांतीबद्दल बोलतो, ते याच आधारावर.

विश्वासाने की कर्मांनी?

या मुद्द्यावरून युरोपात सोळाव्या शतकात चर्च दुभंगलं. मार्टिन ल्यूथरचं म्हणणं, माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो; कॅथलिक चर्चला ते मान्य नव्हतं. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण देवाच्या कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने मिळतं, माणसाच्या पुण्याईने नव्हे, आणि चांगली कृत्यं ही त्या कृपेची फळं, यावर दोघांचं एकमत झालं. आपल्या शहरात १९७७ साली स्थापन झालेला कॅथलिक धर्मप्रांतही आहे आणि प्रोटेस्टंट मंडळ्याही आहेत. उपासनेच्या रीती निराळ्या असल्या, तरी या मूळ गोष्टीत भांडायचं कारण आता उरलेलं नाही.

रमाबाईंची आठ वर्षं

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रमाबाईंच्या आईला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि आईने मुलीला. हे कुटुंब वर्षानुवर्षं पायी तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडलं. नद्यांची स्नानं झाली, व्रतं झाली, ब्राह्मणांना दानं झाली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. देवाची कृपा मिळवायला माणसाच्या हाती जे होतं ते सगळं या घराने करून पाहिलं होतं. रमाबाईंची पुढची तळमळ समजून घ्यायची तर हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. लंडनमधल्या फुलहॅमला या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या बायकांना मायेने सांभाळत होत्या. असं का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धर्माधिकारी सांगतात म्हणून कोणतंही तत्त्व त्यांनी निमूट स्वीकारलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या ठायी ठायी वाद घालताना दिसतात.

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. काम मोठं होतं, नाव झालं, विरोधही झाला, आणि तरीही मन तहानलेलंच होतं. अशा काळात विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस बरीच वर्षं चर्चची सेवा केल्यावर, स्वतःच प्रवचन देत असताना, पहिल्यांदा खऱ्या विश्वासात आला होता. ते वाचून रमाबाई विचारात पडल्या. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नाही, हे त्यांना १८९१ मध्ये उमगलं. आधी लायक व्हायचं आणि मग देवाजवळ जायचं हा क्रम त्यांनी सोडला. जशा होत्या तशाच त्या देवाकडे गेल्या. ही हकिगत त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीत लिहिली आहे.

विधवांसाठी आश्रम चालवणाऱ्या बाईलाही त्या सेवेतून देवाशी समेट मिळाला नाही. मग आपल्या दशमांशाने तो कसा मिळेल? पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलीबाळींना तिथे आसरा मिळाला, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. हे सगळं देवाने आपल्याला आधीच स्वीकारलंय हे कळल्यावरचं काम आहे.

टिळकांची वाट

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक बायबलकडे वळले ते नागपूरकडच्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार हातात ठेवल्यावर. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

देवाशी समेट म्हणजे घरात लगेच शांतता, असं मात्र नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. त्या काळात त्यांनी काय सोसलं ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. ख्रिस्ती घरांनी ते पुस्तक जरूर वाचावं.

मन खचलेलं असेल तर

काहींना झोप लागत नाही, जगणं नकोसं होतं, आणि वडीलधारे म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. असं बोलणं क्रूर आहे. नैराश्य हा आजार आहे. विश्वासू माणसालाही तो होतो. अशा वेळी प्रार्थनेबरोबर डॉक्टर गाठावा. आपल्याकडे घाटी रुग्णालय आहे, आणि टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं.

सुरुवात कुठून करावी?

लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आधी वाचा. उधळ्या मुलाने माफीचं बोलणं घोकून ठेवलं होतं, पण ते पुरं व्हायच्या आत बापाने त्याला घरात घेतलं. मग रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचा. आपलं पाप देवापुढे नाव घेऊन कबूल करा. कॅथलिक असाल तर प्रायश्चित्त संस्कार आहेच. ज्याच्याशी वैर आहे त्याच्याकडे जा, कारण वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, असं येशूनेच सांगितलं आहे. आणि लायक झाल्यावर देवाकडे जाऊ म्हणून थांबू नका. रमाबाईंची त्यात आठ वर्षं गेली, तुमची जायला नकोत.