अर्ध्या मिलिव्होल्टची पुडी
बेडकाच्या पायाचा स्नायू, त्याला जोडलेली नस, आणि ती नस जिथे स्नायूला टेकते नेमकी तिथे टोचलेली, विद्युतदाब मोजणारी अतिशय बारीक काचेची नळी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ हा प्रयोग करत होते, तेव्हा नस पूर्ण गप्प असतानाही पडद्यावर अधूनमधून बारीक उसळ्या उमटत. प्रत्येक उसळी साधारण अर्ध्या मिलिव्होल्टची. एवढीशी खरखर उपकरणाच्या माथी मारून पुढे जाणं सहज शक्य होतं. या दोघांनी तसं केलं नाही. १९५२ साली त्यांनी तिचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. चेतापेशींच्या संवादाबद्दलची सर्वांत मोलाची गोष्ट या खरखरीतूनच कळली, असं मला वाटतं: नसेचा निरोप सलग वाहत येत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी येतो.

उपकरणाचा दोष म्हणावा, तर नळी नस-स्नायूच्या सांध्यापासून दूर नेली की उसळ्या नाहीशा होत आणि स्नायू लुळे पाडणारं क्युरारे हे विष घातलं की खुरटत; यंत्राला क्युरारेचं काय? नसेचा निरोप स्नायूकडे नेणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचे सुटे रेणू गळत असतील, ही शंका अधिक वजनदार होती. पण हे रसायन बाहेरून हळूहळू सोडलं की विद्युतदाब सलग चढतो, त्यात अर्ध्या मिलिव्होल्टच्या पायऱ्या दिसत नाहीत. म्हणजे एका उसळीमागे हजारो रेणू एकदम सुटायला हवेत. निर्णायक पुरावा मात्र होसे देल कास्तियो आणि कॅट्झ यांनी १९५४ मध्ये दिला. द्रवातलं कॅल्शियम कमी आणि मॅग्नेशियम जास्त केलं, की नसेला दिलेल्या प्रत्येक झटक्याचं उत्तर वेगळं येई: कधी शून्य, कधी अर्धा मिलिव्होल्ट, कधी एक, कधी दीड. शून्य किती वेळा आलं एवढ्यावरून संभाव्यतेच्या गणिताने सरासरी किती पुड्या सुटल्या ते काढता येई, आणि ती संख्या प्रत्यक्ष मोजमापाशी जुळे. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नसेच्या टोकात सुमारे ५० नॅनोमीटर रुंदीच्या पिशव्या दिसल्या; एक पिशवी म्हणजे एक पुडी. विद्युतलहर टोकाशी पोचते, कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या नस आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत रिकाम्या होतात.

हे स्नायूचं झालं, मेंदूचं काय? चेतापेशींच्या काही जोडांमध्ये, म्हणजे सायनॅप्समध्ये, वीज थेट पलीकडे जाते. झिंग्याच्या नात्यातल्या क्रेफिशमध्ये ते १९५९ साली सिद्धही झालं. तरी मेंदूतले बहुतेक सायनॅप्स रासायनिकच आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत एका लहरीला एखादीच पुडी सुटते किंवा एकही सुटत नाही. याला कुणी जोडणीतला कच्चेपणा म्हणेल. मला उलट वाटतं. पुडी सुटण्याची शक्यता वाढवता-घटवता येते, म्हणून तर जोड बळकट किंवा दुबळा होऊ शकतो. थेट तारेत ही सोय फार थोडी.

पुडी देणारी बाजू आणि घेणारी बाजू वेगळ्या आहेत, हे आपल्याकडच्या सापांच्या विषातही दिसतं. नागाचं विष मुख्यतः घेणाऱ्या बाजूची, ॲसिटिलकोलिन ज्यांत बसतं ती कुलुपं अडवतं. तिथे निओस्टिग्मिन या औषधाने फटीतलं ॲसिटिलकोलिन टिकवलं तर उपयोग होऊ शकतो. मण्यारचं विष नसेचं टोकच निकामी करतं. सुटायला पुडीच उरली नाही, तर टिकवायचं काय? झालेली ही हानी प्रतिविषानेही उलटत नाही. म्हणून अशा रुग्णाचा श्वास थांबला, तर नसेची टोकं पुन्हा फुटेपर्यंत त्याला व्हेंटिलेटरवर जगवावं लागतं.